नेट गेलंय, गाडी उभी आहे!

‘मी आयटीत आहे’ असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘हिंजवडीला का?’ फार तर ऐरोली, फार तर पवई. ‘नाही, भिवंडीला, माणकोलीच्या पुढे’ असं उत्तर आलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘तिथे तर नुसती गोडाऊन आहेत ना?’

आहेत ना! माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर... बाइकवरून नुसती चक्कर मारली तरी पत्र्याची शेड संपत नाहीत. काल रात्री तुम्ही ऑनलाइन मागवलेले शूज आत्ता यांतल्याच एखाद्या शेडमध्ये असण्याची बरीच शक्यता आहे. ते शूज नेमके कोणत्या रॅकवर आहेत, हे आता कुठल्या मुकादमाच्या डोक्यात नसतं, कॉम्प्युटरमध्ये असतं. हातातली स्कॅनर गन ‘टुंक’ वाजते, वायफायवरून आकडा सर्व्हरला जातो, बारकोड प्रिंटर स्टिकर ओकतो, टॅलीत एंट्री पडते आणि मग गाडी निघते. यातली एक कडी तुटली तर पन्नास माथाडी आणि दहा ड्रायव्हर हात बांधून बसतात.

आता प्रश्न असा, की ही कडी सांभाळतं कोण? गोडाऊनचा मालक किंवा मधल्या आकाराची ट्रान्सपोर्ट कंपनी स्वतःचा आयटी विभाग ठेवत नाही. परवडत नाही. ते हे काम बाहेरच्या कंपनीला देतात. या धंद्याला म्हणतात मॅनेज्ड आयटी सर्व्हिसेस. बीएस्सी आयटी, बीसीए, डिप्लोमा किंवा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून तुम्ही नोकरी शोधायला लागलात, की मोठ्या नावांच्या ईमेलची वाट बघत असतानाच अशा एखाद्या कंपनीचा फोन येऊ शकतो. वागळे इस्टेटमधलं दोन खोल्यांचं ऑफिस, तीस-चाळीस माणसं, आणि पदाचं नाव ‘सपोर्ट इंजिनीअर’. घ्यावी का ही नोकरी? मी स्वतः मास कॉमची, राउटर आणि स्विच यांतला फरक मला परवापरवा कळला. पण माझ्या ओळखीतली, बॅचमधली, गल्लीतली निम्मी पोरं या कामात शिरलेली आहेत आणि त्यांच्या तोंडून याच्याइतकं काहीच ऐकलेलं नाही. म्हणून हा लेख.

जॉबर, टोरंट आणि आपण

मॅनेज्ड सर्व्हिस म्हणजे काय, हे पुस्तकात फार अवघड करून सांगितलेलं असतं. भिवंडीकराला ते दोन मिनिटांत कळेल. लूम बंद पडला की आपण जॉबरला हाक मारतो. तो येतो, बघतो, ठोकतो, पैसे घेतो. पूर्वी कॉम्प्युटरवाल्याचंही तसंच होतं. बिघडलं की फोन करायचा, व्हिजिटचे पैसे द्यायचे. यात एक गंमत आहे. तुमचं जितकं बिघडेल, तितकी त्याची कमाई. म्हणजे मनापासून दुरुस्ती करण्यात त्याचं नुकसान!

मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये हा हिशोब उलटा केलेला आहे. दर कॉम्प्युटरमागे किंवा दर ऑफिसमागे महिन्याला ठरलेली रक्कम. बिघडो, न बिघडो. त्यामुळे बिघाड झाला की खर्च होतो तो सांभाळणाऱ्या कंपनीचा. तिच्या माणसाचा वेळ जातो, पेट्रोल जातं. म्हणून बिघडूच नये यासाठी ती धडपडते. शिवाय ‘दुसऱ्याची यंत्रणा आपण चालवायची’ हा प्रकार भिवंडीला नवा नाही. २००७ पासून इथलं वीज वितरण महावितरणने फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलेलं आहे. जाळं महावितरणचं, ग्राहक महावितरणचे, पण लाइट गेली की फोन टोरंटला. देशात असा प्रयोग पहिल्यांदा झाला तो इथेच. वीज काढा, त्या जागी सर्व्हर आणि वायफाय घाला, की झाली मॅनेज्ड आयटी.

आणि हे काही अमेरिकेतून परवा आलेलं फॅडही नाही. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. जाताना त्यांची अगडबंब यंत्रं इथेच राहिली. ती चालू ठेवायची कुणी? सीएमसी या सरकारी कंपनीने. तिच्या मूळ नावातच ‘मेंटेनन्स’ हा शब्द होता. पुढे रेल्वे आरक्षण कॉम्प्युटरवर आणण्याचं कामही याच सीएमसीने केलं आणि शेवटी ती टीसीएसमध्ये विलीन झाली. दुसऱ्यांची मशिनं पुसता पुसता लोक कुठवर जातात, त्याचं हे जुनं उदाहरण. नवं पुढे सांगते.

लाल दिवा की हिरवा?

समजा, तुम्ही नोकरी घेतली. पहिला शब्द शिकाल तो ‘तिकीट’. बसचं नाही. ग्राहकाची प्रत्येक तक्रार म्हणजे एक तिकीट. तिला नंबर असतो, पी-वन ते पी-फोर अशी तातडी असते आणि तिच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत असतं. या घड्याळाला एसएलए म्हणतात. किती मिनिटांत उत्तर द्यायचं, किती तासांत सोडवायचं, याचं ग्राहकाला दिलेलं लेखी वचन. ते मोडलं तर करारानुसार दंड, आणि तुमच्या नावापुढे स्क्रीनवर लाल रंग. नवखे असताना तुम्ही एल-वन. तुम्हाला नाही जमलं तर एल-टू, त्यालाही नाही जमलं तर एल-थ्री. एल-थ्री म्हणजे ऑफिसातला तो शांत माणूस, ज्याच्याकडे जाताना आपण चहा घेऊन जातो.

आता सोमवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. फोन वाजतो. पलीकडे गोडाऊनचा सुपरवायझर. ‘अरे भाई, नेट गया है, गाडी खडी है!’ मागून हॉर्न ऐकू येतोय.

गाडी उभी का? तर ई-वे बिल निघत नाही म्हणून. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून जास्तीचा माल राज्याबाहेर न्यायचा तर हे बिल लागतं. ते पोर्टलवर ऑनलाइन काढायचं. ट्रक भरलाय, ताडपत्री बांधून झालीय, ड्रायव्हरचा दुसरा चहा झालाय. पण बिलाशिवाय गाडी काढली आणि रस्त्यात पकडली तर दंड. बाहेर हायवेवर कामं चाललेली, नऊची गाडी अकराला निघाली की ती कुठे अडकेल ते देवाला ठाऊक. म्हणजे तुम्ही बसलाय वागळे इस्टेटला खुर्चीवर, आणि तुमच्यासाठी थांबलाय इंदूरला जाणारा अख्खा ट्रक.

तुम्ही विचारता, ‘एकाच कॉम्प्युटरला नेट नाही की सगळ्यांना?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात पाठ होतो. निम्मं निदान त्यातच असतं. मग, ‘राउटरवर लाल दिवा आहे की हिरवा?’ पलीकडून उत्तर, ‘यहाँ तो चार डब्बे हैं, सबमें लाल-हरा चल रहा है.’ इथे कुठलीच डिग्री कामाला येत नाही. इथे कामाला येतो धीर. आणि भाषा. घरी तेलुगू, गल्लीत उर्दू-हिंदी, शाळेत मराठी, शेठशी मोडकीतोडकी गुजराती, असं वाढलेल्या भिवंडीच्या पोरापोरींना ‘कम्युनिकेशन स्किल’ची वर्कशॉप लागत नाहीत. आपलं इंग्लिश कच्चं म्हणून आपण लाजतो. पण घाबरलेल्या सुपरवायझरला त्याच्याच बोलीत शांत करणं ही या धंद्यातली खरी किमती गोष्ट आहे. इंटरव्ह्यूत ती आवर्जून सांगा.

शेवटी कळतं काय, तर रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडलीय. (जेसीबी हा भिवंडीतल्या नेटचा क्रमांक एकचा शत्रू असावा, दुसरा उंदीर.) तुम्ही सुपरवायझरच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून देता, बिल निघतं, गाडी जाते, तिकीट बंद. सुपरवायझर म्हणतो, ‘जियो!’ दिवस सार्थकी.

पण थांबा. या कंपन्यांमध्ये खरा हुशार समजला जातो तो वेगळाच. त्याने दोन महिन्यांपूर्वी त्या गोडाऊनला दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायला लावलेली असते. पहिली तुटली की दुसरी आपोआप सुरू होते की नाही, हेही त्याने एकदा मुद्दाम वायर काढून तपासलेलं असतं. त्याच्या गोडाऊनमधून सोमवारी फोनच येत नाही. जेसीबीने फायबर तोडली, हे कुणाला कळतही नाही. आणि त्याला ‘जियो’ म्हणायला कुणी येत नाही.

या नोकरीचा सगळा तिढा इथे आहे. चांगलं काम केलं की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल शाबासकी मिळत नाही. वर्षाअखेरीस कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायची वेळ येते तेव्हा शेठ विचारतो, ‘सगळं नीट चाललंय, मग तुम्हाला पैसे कशाचे देतो?’ आणि एखाद्या दिवशी बंद पडलं की तोच शेठ ओरडतो, ‘बंद पडलंय, मग तुम्हाला पैसे कशाचे देतो?’ प्रश्न एकच, फक्त आवाजाची पट्टी वेगळी!

म्हणून शहाणी पोरं लिहून ठेवतात. काय तपासलं, काय बदललं, कुठली बॅटरी मरायला टेकलीय, कुठल्या डिस्कने कुरकुर सुरू केलीय. कंटाळवाणं काम आहे. पण तेच तुमच्या न दिसणाऱ्या कामाचं हजेरीपुस्तक.

साइट व्हिजिट नावाचा सिनेमा

सगळं काही रिमोटने होत नाही. कधी तरी बॅग उचलून जावंच लागतं, आणि कॉलेजात नेटवर्किंगच्या पुस्तकात दाखवलेली थंडगार, निळ्या दिव्यांची सर्व्हर रूम डोक्यात घेऊन तुम्ही पहिल्यांदा जाता. प्रत्यक्षात सर्व्हर सापडतो जिन्याखाली. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला पाण्याचा बाटला. रात्री वीजबिल वाचवायला एसी बंद केलेला. यूपीएसचा प्लग काढून कुणी तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. कापडाच्या गोडाऊनात आणि लूमच्या ऑफिसात तर सुताचे बारीक तंतू उडत असतात. ते पंख्यात जाऊन बसतात आणि मशीन तापतं. ब्लोअर मारला की आतून अक्षरशः वात निघेल एवढा कापूस बाहेर येतो. पावसाळ्यात कामवारीला पूर आला की तळमजल्यावरच्या ऑफिसात पहिलं काम असतं सीपीयू टेबलावर उचलून ठेवायचं. हे कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

आणि प्रिंटर! जगात कृत्रिम बुद्धिमत्ता आली, पण प्रिंटर अजून आपल्या मनाचा राजा आहे. पासवर्ड विसरलो आणि प्रिंटर चालत नाही, या दोन तिकिटांवर एल-वनची अर्धी कारकीर्द जाते. त्याला हसू नका. बारकोड प्रिंटरचं स्टिकर एक मिलिमीटर सरकलं की स्कॅनर ते वाचत नाही आणि डिस्पॅच थांबतं.

रात्रीचंही एक काम असतं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. ते अपडेट आधी एक-दोन मशीनवर घालून बघायचे, काही बिघडत नाही याची खात्री करायची आणि मग ग्राहकाची सुट्टी बघून शेकडो मशीनवर चढवायचे. सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा कुणाला पत्ताही नसतो, की रात्री तुम्ही त्यांच्या साठ कॉम्प्युटरना एकेक करून झोपवलं आणि उठवलं.

कमरेला वीस घरांच्या किल्ल्या

इथवर वाचून हे काम म्हणजे ‘बंद करून चालू करा’ एवढंच वाटलं असेल, तर पुढचं नीट वाचा.

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. (आपल्या टॅलीसारखंच सॉफ्टवेअर, तिथे सगळे वापरतात.) काही तासांत तो मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीत पोचला. न्हावा शेवाला जेएनपीटीत याच समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनल आहे, तेही ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे जायचाय, सांगायला कॉम्प्युटरच नाही. भिवंडीच्या गोडाऊनांत येणारा आयातीचा माल याच बंदरातून ट्रेलरवर चढतो, हे लक्षात घ्या. म्हणजे युक्रेनमधल्या एका अपडेटचा धक्का आपल्या खारेगावच्या ट्रॅफिकपर्यंत येऊ शकतो.

मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत जवळपास ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यातही एक प्रसंग असा आहे, की भिवंडीत राहणाऱ्या माणसाला तो ऐकून बरं वाटेल. कंपनीत कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवत. व्हायरसने सगळेच पुसले. शोधता शोधता एक सापडला, आफ्रिकेतल्या घानामध्ये. तो का वाचला? कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! तिथल्या माणसाकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. म्हणून ती डिस्क आधी विमानाने नायजेरियाला नेली, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली आणि मग ती लंडनला पोचली. अब्जावधींच्या कंपनीचा जीव एका माणसाच्या हँडबॅगेत होता.

आता विचार करा, मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये तुमच्याकडे काय असतं? एका नव्हे, वीस-पंचवीस कंपन्यांच्या किल्ल्या. कॉलेज संपून सहा महिने झालेले, बाइकचा हप्ता चालू, आणि तुमच्या एका लॉगिनवर बाविसाव्या वर्षी दहा गोडाऊन, दोन दवाखाने आणि एक सीए फर्म उघडते. हे चोरांनाही ठाऊक आहे. एकेक घर फोडण्यापेक्षा सोसायटीच्या वॉचमनची किल्ल्यांची जुडी मारणं सोपं. जुलै २०२१ मध्ये नेमकं हेच झालं. कसेया या कंपनीचं सॉफ्टवेअर मॅनेज्ड सर्व्हिसवाले ग्राहकांची मशीन लांबून सांभाळायला वापरतात. खंडणीखोरांनी त्यातलीच फट शोधली. फटका बसला साठेक सर्व्हिस कंपन्यांना, आणि त्यांच्यामार्फत हजार-दीड हजार धंद्यांना. स्वीडनमध्ये कूप या सुपरमार्केटची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रंच उघडेनात. आणि गंमत म्हणजे कूप हे कसेयाचं थेट गिऱ्हाईक नव्हतंच. त्यांची बिलिंगची यंत्रं सांभाळणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती.

लांबची उदाहरणं वाटतात? जुलै २०२४ च्या शेवटी आपल्याकडे सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं होतं. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या एका कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून पेमेंट कॉर्पोरेशनने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली. पण त्या दिवशी गावाकडच्या बँकेत पैसे काढायला गेलेल्या आजीला ‘आमच्या बँकेत काही बिघडलेलं नाही हो, आमचं काम बघणाऱ्यांकडे बिघडलंय’ हे कसं समजावलं असेल कुणास ठाऊक.

म्हणूनच सर्ट-इन या सरकारी संस्थेचा २०२२ पासून नियम आहे, की अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणेतल्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या. रात्रपाळीला एकटे असताना काही विचित्र दिसलं, तर ‘सकाळी साहेबांना सांगू’ म्हणून पांघरूण ओढून घेता येत नाही. माझ्या मते या नोकरीची खरी परीक्षा हीच. अपरात्री झोपलेल्या वरिष्ठाला उठवायचं धाडस. खोटा अलार्म निघाला तर चार बोलणी खावी लागतील. खाऊन घ्या.

आणि एक हात जोडून विनंती. ग्राहकाचा पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सगळे टाकतात, माहीत आहे. तरीही.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर जाऊन बसले. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत होते, विमानतळावर पुढे दिवसभर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरत होते. तो हल्ला नव्हता, चूक होती. पण अडकलेल्या बहुतेक मशीनवर रिमोटचं जादूचं बटण चालेना. प्रत्येकासमोर बसून, सेफ मोडमध्ये नेऊन, एक फाइल पुसायची. डिस्क लॉक असेल तर आधी तिची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाइप करायची. त्या दिवशी ज्यांच्याकडे किल्ल्यांची यादी नीट लिहिलेली होती, ते लवकर सुटले. मघाशी म्हटलं होतं ना, लिहून ठेवायचं कंटाळवाणं काम?

घ्यावी का नोकरी?

आता कटू भाग. महिन्याची रक्कम ठरलेली, म्हणजे कंपनीचा नफा कशात? कमी माणसांत जास्त मशीन सांभाळण्यात. त्यामुळे एकेका पोरावर भार चढत जातो. मिनिटामिनिटाची टाइमशीट भरावी लागते, कधी कधी टाइमशीट भरायला किती वेळ लागला त्याचीसुद्धा! ग्राहकाला तुमचा वैयक्तिक नंबर एकदा मिळाला की तिकीट-बिकीट राहतं बाजूला, गणपतीत आरतीच्या वेळी फोन येतो. ‘ऑन कॉल’ म्हणजे सुट्टी आहे पण सुट्टी नाही. त्याचे वेगळे पैसे मिळतात का, हे आधीच विचारायचं असतं. लाजायचं नाही.

परदेशी ग्राहक असतील तर रात्रपाळी. मुलींसाठी एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण आपल्याला ती कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तुम्हाला कामावर ठेवायचं तर तुमची संमती लागते, कामाच्या जागी सुरक्षितता लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोयही लागते. दारापर्यंत. माजिवड्याच्या नाक्यापर्यंत नाही. रात्री अकरानंतर ठाण्याहून भिवंडीला शेअर रिक्षा शोधणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिलेलीलाच कळतं, आणि मेट्रो पाचचे खांब बघून पोट भरत नाही. ‘मॅनेज करून घ्या’ असं उत्तर आलं, तर काय ते समजा.

दुसरं, ओरिजिनल मार्कशीट. काही छोट्या ठिकाणी बाँडच्या नावाखाली ती मागून ठेवतात. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत टाका. जॉइनिंगची तारीख हुकली तरी चालेल.

एवढं असूनही घ्यावी का? मी म्हणेन, घ्या. मोठ्या कंपनीत पहिल्या वर्षी तुम्हाला एका मोठ्या यंत्राचा एक स्क्रू मिळतो. इथे वीस छोटी यंत्रं अख्खी मिळतात. सोमवारी गोडाऊनचं वायफाय, मंगळवारी दवाखान्याचा बॅकअप, बुधवारी सीएच्या ऑफिसातली ईमेल, गुरुवारी फायरवॉल. धंदे कसे चालतात, पैसा कुठे अडतो, हे फुकटात कळतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा एक दहावी पास मुलगा असाच कॉम्प्युटर दुरुस्तीत आणि मग देखभालीच्या कामात शिरला. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसने पुन्हा पुन्हा बंद पडतायत, हे त्याला दिसत होतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने त्यावर तोडगा म्हणून प्रोग्रॅम लिहिला. तो मुलगा म्हणजे कैलाश काटकर, भाऊ संजय, आणि १९९५ च्या सुमारास तयार झालेला तो अँटिव्हायरस म्हणजे क्विक हील. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. बंद पडलेल्या मशीनसमोर बसायची पाळी आली नसती, तर त्यांना हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

पण मुदत ठरवून घ्या. दीड-दोन वर्षं. दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारा, गेल्या वेळी न येणारं असं काय आता येतं? वर्षभरानंतरही तुम्ही फक्त पासवर्ड बदलून देत असाल आणि एल-टूच्या शेजारी बसूसुद्धा देत नसतील, तर निघा. दिवसभर नुसती तिकिटं फाडण्यात तरुणपण घालवू नका. तोवर घरी जुने दोन लॅपटॉप असतील तर त्यांचं छोटं नेटवर्क बनवा. एकावर बॅकअप घ्या, मग ती फाइल मुद्दाम उडवा आणि परत आणून दाखवा. सर्टिफिकेट नंतर, आधी हे.

आणि इंटरव्ह्यू संपताना समोरचे विचारतातच, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आपण नेहमी ‘नो सर’ म्हणून उठतो. या वेळी विचारा, ‘तुमच्या ग्राहकांचा बॅकअप परत आणून शेवटचा कधी बघितला होता?’ उत्तर लगेच तारखेसकट आलं, तर पगार थोडा कमी असला तरी बसा. समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले, तर थँक्यू म्हणा, बिल्डिंगखालचा वडापाव खा आणि पुढच्या इंटरव्ह्यूला जा.